ब्लाय गावचे कागदी फुगे

जपानी वैमानिक फुजिता यांनी दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या जंगलावर बॉम्ब टाकले आणि २० वर्षांनी तिथल्याच ब्रुकिंग्ज गावाला आपल्या घराण्याची तलवार भेट दिली. त्याच राज्यातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी.

५ मे १९४५. ब्लाय गावाजवळच्या डोंगरात एक पाद्री, त्यांची गरोदर पत्नी आणि पाच मुलं सहलीला गेली होती. पाद्री गाडी लावत होते तोवर मुलांना झाडीत पडलेला मोठा फुगा दिसला. स्फोट झाला आणि पाद्री सोडून बाकी सहाही जण मरण पावले. जपानने वरच्या हवेच्या प्रवाहावर बॉम्ब बांधलेले असे ९,००० हून अधिक फुगे अमेरिकेकडे सोडले होते. घबराट नको म्हणून अमेरिकन सरकारने बातम्या दाबल्या होत्या, म्हणजे त्या मुलांना सावध करणारं कुणी नव्हतंच. हे मला फार लागतं.

आणि ते फुगे बनवले कुणी? बऱ्याचशा शाळकरी मुलींनी! हाताने केलेल्या कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे, खळ सुरणाच्या जातीतल्या कोन्याकू कंदाची. आपण कशासाठी राबलो, त्याने कोण मेलं, हे त्यांतल्या काहींना चाळीसेक वर्षांनी कळलं. १९८७ मध्ये त्यांनी कागदाचेच हजार क्रौंच पक्षी घडी घालून ब्लायला पाठवले. पुढे १९९५ मध्ये तिथल्या स्मारकापाशी चेरीची झाडं लावली गेली.