प्लास्टरला तीन आठवडे झाले, एक्स-रेत रेघ तशीच! हाड जुळून राहिलं की नाही?

धरमपेठकर:
आई (वय ६१) कूलरच्या सांडलेल्या पाण्यावर घसरली, उजवं मनगट मोडलं. हाड फारसं सरकलं नव्हतं, म्हणून ऑपरेशन न करता कोपराखालपर्यंत प्लास्टर घातलं. आज २२ दिवस झाले. नव्या एक्स-रेत रेघ तशीच आहे, उलट जराशी रुंद दिसून राहिली. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, दोन आठवड्यांनी या. नातेवाईक म्हणतात, प्लास्टर काढून हाडवैद्याकडून चोळून घ्या. बोटंही सुजली आहेत. काय करावं?

हाडसांधणी:
रेघ रुंद दिसली म्हणून घाबरू नका. मोडलेल्या टोकांचा रक्तपुरवठा तुटतो आणि काठावरचं थोडं हाड मरतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी ते कुरतडून साफ करतात, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत फट वाढल्यासारखी वाटते.

मोडताक्षणी तिथे रक्त साकळतं. त्या गुठळीत नव्या केशवाहिन्या शिरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तंतू व कूर्चा मिळून मऊ कॅलस, म्हणजे टोकं जोडणारा नवा भराव, तयार होतो. त्यात कॅल्शियम अजून भरलेलं नसतं, त्यामुळे एक्स-रेत तो दिसतच नाही. शिवाय मनगटाजवळचं हाड आतून जाळीदार असतं, बरंचसं आतूनच भरून येतं. मांडीच्या हाडासारखा बाहेर कॅलसचा गोळा शोधू नका. डॉक्टर रेघेपेक्षा दोन गोष्टी बघतात: पहिल्या एक्स-रेपेक्षा टोकं सरकली का, आणि दाबल्यावर तिथे दुखणं कमी झालं का. असं मनगट बहुतेक वेळा पाच-सहा आठवड्यांत प्लास्टर काढण्याजोगं होतं. आतली फेररचना मात्र पुढे कित्येक महिने चालते.

चोळणं अजिबात नको. टोकं हलली की कोवळ्या केशवाहिन्या तुटतात. रक्त कमी पोचलं तर पेशी हाडाऐवजी कूर्चा आणि तंतूच बनवत राहतात. कोपराच्या दुखापतीत चोळल्यामुळे स्नायूतच हाड तयार होऊन हात कायमचा अडकू शकतो. आणि घट्ट बांधलेल्या कामट्यांनी रक्त अडून हात गमावण्याची वेळ येते.

मनगट_फिजिओ:
सूज बहुतेकदा बोटं न हलवल्याने टिकते. आधी प्लास्टरचा काठ बघा. तळहाताकडून तो तळहातावरच्या, बोटांकडच्या आडव्या घडीच्या मागे हवा. घडीवर चढला असेल तर मूठ वळतच नाही. डॉक्टरांकडून तो कापून घ्या, घरी कात्री लावू नका.

मग जागेपणी दर तासाला दहा वेळा: बोटं सरळ, मग नुसती पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, शेवटी अंगठा एकेका बोटाच्या टोकाला. कोपर आणि खांदाही दिवसातून तीन-चारदा पूर्ण फिरवायचा. झोळी दिवसभर गळ्यात ठेवली की खांदा आखडतो. बसताना हात उशीवर, हृदयापेक्षा वर.

खाज आली तर विणकामाची सुई आत घालू नका, या उकाड्यात आतली जखम लगेच चिघळते. कूलरची हवा काठावर घ्या. बोटं निळी, थंड किंवा बधिर पडली, किंवा दुसऱ्याने ती सरळ करताना असह्य दुखलं तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

आहार_विचार:
हाडाच्या सांगाड्यातल्या कोलाजेन या प्रथिनाचे धागे पक्के विणायला क जीवनसत्त्व लागतं. संत्र्यांचा बहार संपला असेल तर पेरू, लिंबू चालतं. लिंबू शिजवू नका, वरून पिळा. रोज दोन पेले दूध किंवा दही, सोबत डाळ किंवा अंडी. ड जीवनसत्त्वाची तपासणी या वयात करून घ्याच. घरात कोणी तंबाखू किंवा सिगारेट घेत असेल तर आईजवळ धूर नको, निकोटिनने केशवाहिन्या आकसतात.

धरमपेठकर:
काठ खरंच घडीच्या वर होता, उद्या कापून घेतो. आणखी एक: आजपासून मनगटाच्या मागे, अंगठ्याच्या रेषेत घासल्यासारखं दुखते म्हणते.

मनगट_फिजिओ:
उद्या हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अंगठा उचलणारी दोरी (स्नायूला हाडाशी जोडणारी, टेंडन) तिथे हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून अरुंद नळीतून जाते. हाड न सरकलेल्या मोडीत ती नळी शाबूत राहते, आत दाब वाढून दोरीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि काही आठवड्यांनी ती अचानक तुटू शकते. तळहात टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा छताकडे उचलायला सांगा. उचलला तर दोरी शाबूत आहे. रोज सकाळी एकदा बघत जा. तुटलीच तर झिजलेली टोकं थेट शिवता येत नाहीत, तर्जनीची जादा दोरी वळवून अंगठ्याला जोडावी लागते.