टायगर बार्ब आणि एंजल? नकोच!

दोन फुटी काचेच्या टाकीत एंजल, टायगर बार्ब आणि निऑन टेट्रा हे मासे एकत्र ठेवायचा तुमचा बेत वाचला. त्यावर एकांनी 'सगळे शांत असतात, चालतील' म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. एंजलचे लांब, लोंबते पर दिसले की टायगर बार्बला राहवत नाही. मी हा उद्योग करून बसलोय. चौथ्या दिवशी एंजलच्या शेपटीच्या कडा कुरतडलेल्या आणि बिचारा हीटरमागे कोपऱ्यात उभा. बार्ब 8-10 च्या थव्यात ठेवले तर बरेचसे आपापसात भांडतात, पण खोड पूर्ण जाईल याची खात्री नाही.

निऑनचं दुखणं वेगळं. एंजल नाण्याएवढा असतो तोवर सगळं गोड असतं. वाढला की तोंडात मावेल ते खाद्य, आणि सडपातळ निऑन आरामात मावतो. सकाळी मोजावे तर एक कमी आणि मेलेला मासा कुठेच नाही!

तुमच्या जागी मी एंजल आणि बार्ब दोन्ही वगळले असते. मधल्या थरात 8-10 निऑन, तळाला 6 छोटे कोरीडोरास, वरच्या बाजूला एखादा हनी गोरामी. 24 ते 26 अंश तापमान तिघांनाही चालतं. कोरीडोराससाठी बारीक वाळूच घाला, धारदार खडीने त्यांच्या मिश्या झिजतात.

आणि काच साफ करायला म्हणून सकर मासा घेऊ नका, तो फूटभर वाढतो.