मदत हवी आहे: अमेरिकन यादवी युद्धात मेलेल्या आयरिश शिपायाची पेन्शन-फाईल

नमस्कार मंडळी,

प्रश्न आडवळणाचा आहे. मी गेली सहा वर्षं आयर्लंडमध्ये, गॉलवेला राहतो. काम मात्र वॉशिंग्टनमध्ये अडलंय आणि तिकडच्या बाजूला राहणारी मराठी माणसं इथेच जास्त भेटतात, म्हणून इथे विचारतोय.

शेजारच्या आजी चौऱ्याऐंशीच्या, माहेर ट्यूमजवळच्या खेड्यातलं. त्यांच्या घरात एक गोष्ट सांगत आलेत. घरातला एक मुलगा बटाट्याच्या दुष्काळानंतर न्यूयॉर्कला गेला, तिथल्या यादवी युद्धात फ्रेडरिक्सबर्गला मारला गेला आणि मग त्याच्या आईला मरेपर्यंत 'अमेरिकेचे पैसे' येत राहिले. बस्स, एवढंच. फोटो नाही, पत्र नाही. मुलाचं नाव ठाऊक आहे, पण ते इतकं सर्रास की सातारा जिल्ह्यात तुकाराम शोधण्यातला प्रकार. (नावं मुद्दाम इथे लिहीत नाही, व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप करेन.)

नात्याचाही घोळ आहे. आजी म्हणतात, तो त्यांच्या आजोबांचा 'अंकल'. मी विचारलं, काका की मामा? त्यांना प्रश्नच कळेना. त्यांच्या भाषेत दोघेही अंकल! पण आडनाव तर त्यावरच ठरणार. काका असेल तर आजींच्या माहेरचंच आडनाव, मामा असेल तर आजोबांच्या आजोळचं. त्यामुळे दोन आडनावं घेऊन शोधतोय.

इथली बाजू लवकर संपते. आमच्या सात पिढ्या नाशिकला उपाध्यायांच्या वहीत सापडतात, इथे १९०१ च्या मागची धड जनगणनाही नाही. १९२२ च्या जूनअखेरीस डब्लिनमध्ये फोर कोर्ट्सच्या लढाईत सरकारी दप्तरखाना जळाला, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद गेले. त्यापुढच्या चार जनगणना सरकारने स्वतःच नष्ट केल्या होत्या, आगीवर तरी किती खापर फोडायचं. उरल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने नेटवर फुकट ठेवल्या आहेत, पण अक्षर दिव्य आणि नावं लॅटिनमध्ये. जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मस. चार रविवार घालवल्यावर त्या नावाची दोन बाळं मिळाली, दोन्ही १८३० च्या दशकातली, आईबाप वेगळे.

म्हणून सगळी आशा पेन्शनवर. जुलै १८६२ च्या कायद्याने मेलेल्या शिपायाच्या विधवेला आणि मुलांना पेन्शन मिळाली. ती नसतील तर मुलाच्या कमाईवर जगणाऱ्या आईला, साध्या शिपायामागे महिना आठ डॉलर. पण आईला ते सिद्ध करावं लागे: नवरा मेलाय किंवा कामाचा राहिलेला नाही, मुलगा पैसे पाठवायचा. मग पाद्र्याचा दाखला, शेजाऱ्यांच्या जबान्या आणि पुरावा म्हणून मुलाची मूळ पत्रं. बऱ्याच आयांची ती पत्रं कधी परत आलीच नाहीत, सरकारी फाईलमध्ये अडकली. घरी राहिली असती तर केव्हाच चुलीत गेली असती. आजींच्या घरी एकही कागद नाही याचं कारण हेच असेल, असं मला सारखं वाटतंय.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर पेन्शनची सूची फुकट पाहता येते. दोन्ही आडनावं धरून, आईने अर्ज केलेले तीन शिपाई मिळाले. एक ६९ व्या न्यूयॉर्क पलटणीतला, एक ८८ व्या, एक १६४ व्या. पहिल्या दोन पलटणी आयरिश ब्रिगेडच्या. १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गला ही ब्रिगेड टोपीत बॉक्सवुडची हिरवी डहाळी खोचून मेरीज हाइट्स या टेकडीवर चढली. साधारण १,२०० माणसं चढाईला गेली, त्यांतली ५४५ जायबंदी, ठार किंवा बेपत्ता. १६४ वी पलटण त्या लढाईत नव्हतीच. तरी तिसऱ्यावर काट मारायला मन होत नाही, कारण फ्रेडरिक्सबर्ग हे नाव गाजलेलं, ते घरातल्या गोष्टीत मागाहूनही शिरलेलं असू शकतं.

आता मूळ विनंती. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी दप्तरखान्यात, जाऊन या फायलींचे फोटो काढून देईल असं कुणी व्हर्जिनिया-मेरीलँडकडे आहे का? टपालाने प्रती मागवता येतात, पण तीन फायलींचे पैसे आणि वाट पाहणं, दोन्ही आजींच्या वयाला परवडणारं नाही. शिवाय काका-मामाचा गुंता सोडवायला काही युक्ती असेल तर तीही सांगा. आणि थडगं सापडण्याची कितपत आशा धरावी?

प्रतिसाद १

मी बेथेस्डाला राहते, आर्काइव्हजमध्ये दोनदा जाऊन आलेय. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवलं की संशोधक-कार्ड फुकट मिळतं. आत पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. मला नाव, पलटण, अर्जाचा क्रमांक आणि सर्टिफिकेटचा क्रमांक असं चारही पाठवा. त्याआधी फोल्ड३ या जुन्या लष्करी कागदांच्या साइटवर बघून घ्या, विधवा-आयांच्या बऱ्याच फायली तिथे स्कॅन होऊन आल्या आहेत. पैसे पडतात, पण माझी खेप वाचेल.

काका-मामासाठी वेगळी युक्ती कशाला? आईला स्वतःचं लग्न सिद्ध करावं लागायचं, म्हणजे फाईलमध्ये नवऱ्याचं नाव येणारच, अनेकदा तिचं माहेरचं आडनावही. तुमच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही आईचं माहेरचं आडनाव असतं. दोन्ही जुळवा.

प्रतिसाद २

थडग्याची आशा धरू नका. फ्रेडरिक्सबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत १५,००० हून जास्त सैनिक आहेत आणि बहुतेकांच्या दगडावर नुसता आकडा आहे. त्यापेक्षा न्यूयॉर्क राज्याचे पलटणीचे पट बघा, नेटवर फुकट आहेत. भरतीच्या वेळचं वय, तारीख, ठिकाण आणि शेवटी काय झालं, सगळं एका ओळीत. वयावरूनच तिघांतला एखादा गळेल.

दुसरं, न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या वह्या. खातेदार आयर्लंडातल्या कुठल्या गावचा, कुठल्या जहाजाने आला, घरी कोण कोण, हे कारकून लिहून ठेवायचे. तुमचा मुलगा घरी पैसे पाठवत होता ना? मग त्याचं खातं तिथे असेलही.

आणि १८८३ च्या जानेवारीची पेन्शनरांची छापील सरकारी यादी आहे, त्यात परदेशात राहणारेही आहेत. म्हातारी तोवर जिवंत होती का?

धागाकर्ता

ताई, दादा, दोघांचे खूप आभार. पट पाहिले. १६४ व्या पलटणीतला भरतीच्या वेळी एक्केचाळीस वर्षांचा, म्हणजे वहीतल्या दोन्ही बाळांहून बराच मोठा, तो गळाला. ६९ वाला एकवीस, ८८ वाला सव्वीस. वयं तेव्हा दडपून सांगायचे म्हणे, तरी एवढा फरक कुणी दडपणार नाही.

म्हातारी १८८३ ला होती का ते आजींना विचारलं. साल माहीत नाही, पण त्या म्हणाल्या, पैसे आणायला ती ट्यूमला चालत जायची आणि बरोबर आजोबांना न्यायची, कारण तिला सही येत नव्हती. मग मी विचारलं, आजोबा तिला काय म्हणायचे? 'नाना'. इकडे नाना म्हणजे आजी, पुन्हा आईची की वडिलांची ते नाहीच!

फोल्ड३ वर ६९ वाल्याची फाईल आहे, आज रात्री सदस्य होतो. ८८ वाल्याची नाही. त्याचे चारही तपशील ताईंना व्यनि केले आहेत. फाईल जाडजूड निघाली तर सगळी नको, आधी आईची जबानी आणि पत्रं असतील तेवढीच पानं पाठवा.