मदत हवी आहे: मुलींच्या फुटबॉलचं बक्षीस

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत मे महिन्यात किनाऱ्यावर फुटबॉल स्पर्धा असते. पुरुषांचे सोळा संघ, मुलींचे पाच. प्रवेश फी दोघांना सारखीच, १५०० रुपये. पहिलं बक्षीस मात्र पुरुषांना ३१ हजार, मुलींना ७ हजार. गेल्या वर्षी मुलींची फायनल भरती चढत आली तेव्हा उरकली. कॉर्नर मारायचा तर पाय पाण्यात!

मंडळाच्या बैठकीत २०२२चं उदाहरण दिलं, बीसीसीआयने महिलांची मॅच फी पुरुषांएवढी केली ते. उत्तर आलं, "ती फी झाली, बक्षीस नव्हे." बरोबर आहे म्हणा. मग अमेरिकेच्या फुटबॉलचं सांगितलं: त्याच वर्षीच्या करारानुसार पुरुष आणि महिला अशा दोन्ही राष्ट्रीय संघांची वर्ल्डकपची बक्षिसाची रक्कम एकत्र करून सारखी वाटतात. त्यावर खजिनदारकाका म्हणाले, "सोळा संघांची फी पाच संघांनी का खावी?" इथे मी अडकले.

प्रायोजक दोन्ही गटांना मिळून एकच आहे. एकूण बजेट वाढणार नाही, आणि पुढच्या रविवारी बॅनर छापायला जातोय. पुरुषांचं बक्षीस कमी केलं तर मालवणकडचे संघ येणार नाहीत, अशीही भीती घालतात.

कुणाच्या मंडळाने बक्षीस सारखं केलंय का? संघ कमी असताना रकमेचा हिशोब कसा बसवलात?