मदत हवी आहे: अमिगा १२०० मध्ये ६८०३० ॲक्सिलरेटर कार्ड टाकल्यापासून मशीन स्थिर राहत नाही

नमस्कार मंडळी,

इथे जुन्या कॉम्प्युटरांमध्ये हात घालणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. माझ्याकडे कमोडोरचा अमिगा १२०० आहे, इथे इंग्लंडातच सेकंडहँड घेतलेला. १९९२ च्या शेवटी तो इथे ३९९ पाउंडाला बाजारात आला होता आणि भरपूर खपला, त्यामुळे अजूनही लोकांच्या माळ्यांवरून बरे पीस निघतात. नुसतं मशीन एकदम मस्त चालतं, दिवसभर चालू ठेवलं तरी काही होत नाही. घोळ सुरू होतो तो खालच्या झाकणाच्या स्लॉटमध्ये ॲक्सिलरेटर कार्ड (जास्त वेगवान प्रोसेसर आणि जादा रॅम असलेलं) बसवलं की.

कार्ड त्याच काळातलं आहे, ६८०३० प्रोसेसर ५० मेगाहर्ट्झचा आणि त्यावर ७२ पिनची १६ एमबीची सिम (रॅमची पट्टी). मूळ मशीनमधला ६८ईसी०२० जेमतेम १४ मेगाहर्ट्झवर चालतो आणि रॅम २ एमबी, तीसुद्धा ग्राफिक्स-साउंडच्या चिप्सबरोबर वाटून घ्यायची, तेव्हा कार्डाने काय फरक पडतो हे ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको. म्हणूनच ते काढून ठेवायची अजिबात इच्छा नाहीये.

तर प्रॉब्लेम असा. थंड मशीन चालू केलं की वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) व्यवस्थित येतं, सिसइन्फो या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर, त्याचा एमएमयू (मेमरी सांभाळणारा भाग), सगळी रॅम बरोब्बर दिसते, मग थोडा वेळ काम केलं की कधी नुसतं गोठतं, माउससुद्धा हलत नाही, आणि कधी लाल चौकटीतलं गुरू मेडिटेशन, म्हणजे अमिगाचा क्रॅशचा संदेश. कोड दरवेळी वेगळा: ८००००००३ म्हणजे ॲड्रेस एरर, ८००००००४ म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शन, मध्येच ८००००००बी. एखाद्या प्रोग्रॅममध्ये बग असता तर त्याच जागी तोच कोड आला असता ना, इथे प्रोसेसरला मेमरीतून मधूनच कचरा मिळतोय असं वाटतं.

याचा जरा पक्का पुरावा पण आहे. एक मोठी एलएचए फाइल (दाबून लहान केलेलं आर्काइव्ह) घेतली आणि रॅम डिस्कमध्ये (रॅममधलाच तात्पुरता ड्राइव्ह) ठेवून तिथल्या तिथेच पुन्हापुन्हा टेस्ट केली. मशीन थंड असताना सगळं ओके. गरम झालं की सीआरसी एरर (डेटाची बेरीज जुळत नाही), आणि दर वेळी आतली वेगळीच फाइल खराब दाखवतो, आत्ता जी खराब दाखवली ती पुढच्या वेळी चांगली! म्हणजे आर्काइव्ह धड आहे, वाचताना घोळ होतोय. रॅम डिस्क मुद्दाम वापरली, कारण हार्ड डिस्कऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावल्यावर मॅक्सट्रान्सफरमुळे (एका वेळी किती डेटा हलवायचा तो आकडा) डेटा बिघडतो ही जुनीच भानगड आहे. माझा तो आकडा १एफई०० असा सेट आहे, त्यामुळे कृपया तिकडे जाऊ नका.

आत्तापर्यंत केलेलं: मदरबोर्डची एज आणि कार्डाचा सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला, किकस्टार्टचे (मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) दोन्ही रॉम काढून परत बसवले, दुसरी सिम लावून पाहिली, रॅमच्या स्पीडचा जंपर हळू बाजूला केला. काही फरक नाही. सीपीयू कमांडने बर्स्ट (मेमरीतून एका दमात बरंच वाचणं) बंद केला तर क्रॅश उशिरा होतो, कॅशही बंद केली तर अजून उशिरा, पण मग ५० मेगाहर्ट्झचा उपयोग काय.

पॉवर सप्लाय मूळचा, हलका वाला, ५ व्होल्टला ३ अँपिअर लिहिलेला. फ्लॉपीच्या पॉवर कनेक्टरवर मल्टिमीटर लावला: कार्डाशिवाय ५.०२, कार्ड लावल्यावर ४.८१, फ्लॉपी फिरायला लागली की ४.७६. आता ५ टक्क्यांची खालची मर्यादा ४.७५ आहे म्हणजे कागदावर पास, पण मीटर सरासरी दाखवतो, मधले खड्डे दाखवत नाही. एका मित्राकडून अमिगा ५०० चा जड सप्लाय आणला, त्यावर ४.९३ मिळतात आणि मशीन जास्त टिकतं, पण शेवटी क्रॅश होतंच.

बोर्डावर रिव्हिजन १डी.४ छापलंय, आणि या रिव्हिजनबद्दल सगळीकडे सांगतात की ई१२३सी आणि ई१२५सी हे क्लॉकच्या (प्रोसेसरला ताल देणाऱ्या सिग्नलच्या) लाइनवरचे दोन बारीक कपॅसिटर काढा, त्यांच्यामुळे क्लॉकची कड बोथट होते आणि वेगवान कार्डाचं टायमिंग चुकतं. माझा प्रश्न हाच आहे की आधी ते काढू, की आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून घेऊ? पुरावा नसताना ३० वर्षांपूर्वीच्या बोर्डाला सोल्डरिंग आयर्न लावायला हात धजावत नाही.

प्रतिसाद १

दादा, निदान चांगलं केलंयस. व्होल्टेज फ्लॉपीवर नको, कार्डावर मोज, प्रोसेसरच्या जवळच्या एखाद्या कपॅसिटरच्या दोन टोकांना, तिथे अजून कमी निघेल बघ. दुसरं, फ्लॉपीवरून अमिगा टेस्ट किट हा मेमरी वगैरे तपासणारा प्रोग्रॅम बूट कर, ते वर्कबेंचशिवाय चालतं, म्हणजे सॉफ्टवेअरचा संशय संपतो. एरर एकाच बिटवर येत असेल तर रॅम चिप किंवा एखादा पिन, विखुरलेले असतील तर टायमिंग किंवा पॉवर.

आणि ऑडिओच्या सॉकेटजवळचे एसएमडी (बोर्डाच्या वरच सोल्डर केलेले) कपॅसिटर नीट बघ. सोल्डर निस्तेज, हिरवट झालंय का? आयर्न लावल्यावर मासळीसारखा वास आला तर ते गळलेत, मग बाकी काही ठरवायच्या आधी ते बदलायलाच हवेत कारण तो द्रव बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खातो.

धागाकर्ता

मनापासून आभार, दोन्ही करून पाहिलं. जड सप्लायवरसुद्धा कार्डावर ४.८४ च आहेत. टेस्ट किटमध्ये गरम झाल्यावर एरर येतात, पत्ते विखुरलेले, बिटही वेगवेगळे. ऑडिओजवळच्या दोन कपॅसिटरांचं सोल्डर निस्तेज आहे, हिरवट नाही, आणि तिथला बोर्ड बोटाला किंचित चिकट लागतो. हे मला आवडलेलं नाही.

तेव्हा आधी कपॅसिटर, मग सप्लायची जाड आणि आखूड केबल, आणि तरी एरर आले तरच ई१२३सी-ई१२५सी, असा क्रम धरतोय. ते दोघं काढले तरी जपून ठेवता येतात, परत लावता येतात, म्हणून त्यांची घाई नाही, ते शेवटी. कोणाला हा क्रम चुकीचा वाटत असेल तर आत्ताच सांगा.

अजून एक. डिसेंबरमध्ये पुण्याला येतोय, बोर्ड बरोबर आणू शकतो. मोबाईल दुरुस्त करणारे सरळ हॉट एअर मारतात, त्याने जुने इलेक्ट्रोलिटिक फुटतात आणि आजूबाजूचं प्लास्टिकही वितळतं. आयर्नने, पॅड न उचलता, सावकाश काम करणारं कोणी तुमच्या स्वतःच्या अनुभवातलं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कपॅसिटर मी इथूनच घेऊन येईन.