नाशिकहून किनाऱ्यावरचे निवांत मासळी-जेवण : ठिकाण कसे निवडावे?

धागाकर्ती (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. माझे वडील डिसेंबरमध्ये निवृत्त होत आहेत. मासळी हा त्यांचा जीव की प्राण, परंतु नाशिकमध्ये सारा जन्म गेल्यामुळे समुद्राच्या काठी शांतपणे बसून ताज्या मासळीचे जेवण करण्याचा योग त्यांना फारसा आला नाही. त्या निमित्ताने एक संध्याकाळ किनाऱ्यावरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात घालवावी, असे घरात सर्वांच्या मनात आहे. आम्ही मोठी सहा माणसे आणि दोन मुले आहोत. एका रात्रीच्या मुक्कामाची तयारी आहे. आईवडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाळूतल्या बुटक्या बैठका किंवा उंच स्टुले चालणार नाहीत. कानठळ्या बसवणारे संगीत नसावे आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी टेबल रिकामे करण्याची घाई तर अजिबात नसावी.

खर्चाची मर्यादा फार कडक नाही, मात्र पैसे सजावटीसाठी नव्हे तर ताटातल्या माशासाठी मोजावेत अशी इच्छा आहे. डहाणू-बोर्डी आणि अलिबाग या दोन जागा सध्या डोळ्यांसमोर आहेत. नेटवरची छायाचित्रे आणि तारे पाहून दिव्यांच्या माळा कळतात, स्वयंपाकघर कळत नाही. म्हणून विचारते की इतक्या लांबून हॉटेलची पारख कशी करावी, वार कोणता निवडावा, आणि इतका प्रवास करण्याऐवजी नाशिकमध्येच सोय होण्यासारखी असेल तर तसेही स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद : मूळ पालघर जिल्ह्यातील, सध्या नोकरीनिमित्त सातपूर

एकच मुक्काम असेल तर डहाणू-बोर्डी निवडा, असे मी निःशंकपणे सांगेन. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी असा हा रस्ता आहे. त्यात वळणे आणि घाट असले तरी मुंबईच्या वाहतुकीत शिरावे लागत नाही. सकाळी निघून दुपारी पोहोचावे, आईवडिलांना विश्रांती घेऊ द्यावी आणि संध्याकाळी जेवायला बसावे. जेवण आटोपून त्याच रात्री परतण्याचा विचार मात्र करू नका. जव्हार-मोखाड्याचा टापू रात्री फार निर्जन असतो, शिवाय परतीची घाई डोक्यात असेल तर निवांत जेवण ही कल्पनाच उरत नाही.

आता मासळीविषयी. आमच्या किनाऱ्याची शान म्हणजे पापलेट. सातपाटीचे बंदर त्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्याच्या जोडीला ओले बोंबील, घोळ, दाढा, मांदेली, करंदी आणि खेकडे मिळतात. एक कळकळीची विनंती आहे. तळहातापेक्षा लहान पापलेट कोणी वाढू लागले तर घेऊ नका. ते वाढीच्या वयातले पिल्लू असते. अशी पिल्ले खपत राहिली तर पुढच्या हंगामात मोठा मासा येणार कुठून? शिवाय त्यात खाण्यासारखे मांसही नसते.

बहुतेक पाहुणे एक गोष्ट विचारतच नाहीत, ती म्हणजे भरतीची वेळ. बोर्डी-डहाणूचा किनारा अतिशय उथळ आहे आणि ओहोटीला पाणी इतके दूर जाते की ‘समुद्राकाठी’ बसूनही समोर नुसता चिखलट वाळूचा पट्टा दिसतो. कोकण किनाऱ्यावर भरती काढण्याचा जुना हिशेब असा आहे की, तिथीला ३ ने गुणावे आणि ४ ने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीला ८ गुणिले ३ म्हणजे २४, भागिले ४ म्हणजे ६, अर्थात सहाच्या सुमारास भरती. दशमीला ती साडेसातच्या सुमारास येते. जागेनुसार थोडा फरक पडतो, तरी संध्याकाळच्या जेवणासाठी अष्टमी ते दशमीचे दिवस धरावेत. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री असते, म्हणजे तुमच्या जेवणाच्या वेळी पाणी ओसरलेले असेल.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अष्टमीच्या आसपास भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस असतात. पाण्याला ओढ कमी असल्यामुळे डोल जाळ्यांत (प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत) बोंबील, करंदी, मांदेली कमी सापडतात, तर उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत ती भरपूर येतात. त्यामुळे वडिलांना पापलेट आणि समोरचे पाणी हवे असेल तर अष्टमी-दशमी ठीक, आणि बोंबलाचाच आग्रह असेल तर अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस बरे.

प्रतिसाद : मूळची मालवणची, इंदिरानगरला घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेते

तिथीचा हिशेब फार उपयोगी आहे. मी स्वयंपाकघराच्या बाजूने लिहिते.

हॉटेलला फोन कराल तेव्हा ‘पापलेट आहे का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर बारा महिने ‘आहे’ असेच येते. ‘आज काय आले आहे?’ असे विचारा. ज्या घरी खरोखर रोज बाजार होतो तिथला माणूस दोन-तीन नावे घेईल आणि ‘आज सुरमई नाही’ हेही न कचरता सांगेल. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. जिथे यादीतले पन्नास पदार्थ नेहमीच तयार असतात तिथे मासा बर्फाच्या पेटीतून येतो, बंदरावरून येत नाही. दुसरे म्हणजे, ‘कापण्यापूर्वी आख्खा मासा दाखवाल का?’ असे विचारा. चांगले हॉटेलवाले त्यासाठी आनंदाने तयार असतात. ताट समोर आणले की डोळे पाहावेत. ते फुगीर आणि पारदर्शक असावेत, खोल गेलेले किंवा दुधाळ झालेले नसावेत. कल्ला उचलून आतला रंग पाहावा. लालभडक असेल तर उत्तम, तपकिरी असेल तर नको. बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर यायला हवे. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो, नाकाला झोंबणारा उग्र दर्प नसतो.

तळलेल्या तुकड्यांवरून हॉटेलची परीक्षा करू नये, कारण रव्याच्या जाड थराखाली आणि लाल मसाल्यात शिळेपण सहज लपते. परीक्षा कालवणात होते. ताज्या माशाचा तुकडा रश्शात अख्खा राहतो, काट्यापासून मोठ्या पाकळ्यांनी सुटतो आणि त्याची स्वतःची गोडसर चव लागते. म्हणून बसल्याबरोबर सगळी ऑर्डर एकदम देऊ नका. एक वाटी कालवण, दोन भाकऱ्या आणि सोलकढी आधी मागवा. सोलकढीवरूनही बरेच कळते. नारळाचे दूध त्याच दिवशी काढून त्यात कोकमाचे आगळ घातले असेल तर तिचा रंग फिकट गुलाबी येतो आणि मागून लसणीची हलकी चव लागते. ती भडक जांभळी दिसली तर मला शंका येते. सोलकढी मन लावून करणाऱ्या घरचे कालवण सहसा वाईट नसते.

माझा अनुभव असा की समुद्राच्या अगदी तोंडावर, दिव्यांच्या माळांखाली असलेल्या जागेपेक्षा गावातल्या, कोळीवाड्याजवळच्या साध्या खानावळीत किंवा घरगुती निवासात मासा अधिक चांगला मिळतो. तुमच्यासाठी उत्तम उपाय म्हणजे जेवण करून देणाऱ्या घरगुती निवासातच उतरणे, कारण तिथे टेबल रिकामे करण्याचा प्रश्नच येत नाही. खुर्च्या कशा आहेत तेवढे मात्र आधी विचारून घ्या.

नाशिकविषयी विचारलेत म्हणून सांगते. इथली समुद्राची मासळी मुख्यतः मुंबईहून बर्फात, कसारा घाट चढून येते. बर्फ व्यवस्थित असेल तर सुरमई, हलवा आणि कोळंबी हा प्रवास चांगला सोसतात. ओला बोंबील मात्र सोसत नाही. त्यात बहुतांश पाणीच असते, घरीही आम्ही तो चिरून वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तळत नाही, आणि एकदा तो मऊ पडला की कोणताही मसाला त्याला वाचवू शकत नाही. नाशिकच्या हॉटेलात बोंबील मागवूच नये आणि किनाऱ्यावर गेल्यावर तो सोडू नये. वाराचेही महत्त्व आहे. आपल्याकडे सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या दिवशी मासा पडून राहतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे खपाचे वार, त्या दिवशी माल हलता असतो. महिन्यातून एकदा बाहेर जेवायचे असेल तर नाशिक पुरेसे आहे, पण निवृत्तीचे जेवण मी तरी इथे करणार नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दोन अडचणी राहिल्या आहेत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि धाकट्या मुलाला कोळंबीने अंगावर पित्त उठते. त्यांना नुसत्या जिरा राईसवर बसवणे मला पटत नाही.

प्रतिसाद : शाकाहारी, पण मासे खाणाऱ्या घरात नांदणारी

सासूबाईंसाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वालाचे बिरडे, काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, तांदळाची भाकरी, ओल्या नारळाची चटणी हे सारे किनाऱ्यावरच्या घरांतले रोजचे पदार्थ आहेत, परंतु हॉटेलच्या यादीत ते क्वचित असतात, कारण कोणी मागत नाही. तवा आणि कढई वेगळी वापराल का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. बोर्डी-घोलवडचा चिकू तर भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, त्यामुळे जेवणानंतरच्या गोडाचा प्रश्नही मिटतो.

मुलाची बाब अधिक काळजीची आहे. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या अनेकांना पापलेट किंवा सुरमई बाधत नाही, परंतु तुमच्या मुलाबाबत हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खेकडे आणि शेवंड कोळंबीच्याच जातकुळीतले असल्यामुळे तेही टाळावेत. विशेष लक्ष जवळ्याकडे द्या. जवळा म्हणजे बारीक कोळंबीच, आणि सुक्या जवळ्याची चटणी अनेक ठिकाणी न मागता ताटात येते. एकाच तेलात कोळंबी आणि मासे तळले जात असतील तर मुलाला तळलेले काहीच देऊ नका. त्याचे औषध गाडीत न ठेवता पर्समध्ये ठेवा.

प्रतिसाद : अलिबागच्या बाजूने

माझे मत थोडे वेगळे आहे. अलिबाग, नागाव, रेवदंडा या पट्ट्यात बसण्याच्या सोयी डहाणूपेक्षा अधिक आहेत आणि ज्येष्ठांना त्याचा फरक पडतो. अर्थात नाशिकहून अंतर बरेच वाढते आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची सारी गर्दी तिथेच लोटते. म्हणून अलिबागला जायचे तर दोन मुक्काम आणि आडवार असावा, नाहीतर जाऊ नये. दापोलीजवळ हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहायला मिळतो, तो वडिलांना निश्चित आवडेल, पण एका जेवणासाठी तेवढा प्रवास करा असे मी म्हणणार नाही. आणखी एक, १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. डिसेंबरमध्ये तुम्हाला ती अडचण नाही, पण हा धागा वाचून कोणी पावसाळी सहल ठरवत असेल तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

धागाकर्ती

घरात चर्चा झाली. एकच मुक्काम असल्यामुळे बोर्डी नक्की केले आहे. आई मार्गशीर्षातले गुरुवार करते, म्हणून गुरुवार सोडून दशमीच्या जवळचा शुक्रवार पाहत आहोत. जेवण करून देणाऱ्या दोन घरगुती निवासांना फोन केले. एकाने सर्व मासे रोज मिळतात असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी ‘कोणता मासा मिळेल ते आदल्या संध्याकाळी सांगेन, आज शब्द देत नाही’ असे उत्तर दिले आणि पाठीच्या खुर्च्या आहेत हेही सांगितले. आम्ही तिथेच जाणार आहोत. त्यांना आगाऊ काय सांगून ठेवावे?

प्रतिसाद : मूळ पालघर जिल्ह्यातील

योग्य घर निवडलेत. आदल्या संध्याकाळी फोन आला की माणशी एक मध्यम पापलेट राखून ठेवायला सांगा आणि थोडी रक्कम आगाऊ पाठवा, म्हणजे त्या बाई सकाळच्या बाजारात निश्चिंतपणे घेऊ शकतील. भाव नगावर आहे की वजनावर, आणि वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे, हे तेव्हाच बोलून घ्या. त्यातले दोन मासे हिरव्या चटणीत, केळीच्या पानात वाफवून देता येतील का हेही विचारा. त्या भागात पारशी-इराणी वस्ती जुनी असल्यामुळे पातरानी मच्छी बऱ्याच घरांना येते, आणि तेलकट नसल्यामुळे ज्येष्ठांना ती मानवते. बोंबील मिळाले तर तळायला तुम्ही टेबलावर बसल्यानंतरच घ्या म्हणावे. साडेसहाला बसा, कारण डिसेंबरमध्ये अंधार लवकर पडतो आणि नंतर खारा वारा सुटतो. आईवडिलांसाठी शाल असू द्या.