शब्दचर्चा : चित्रातले रंग कमी करण्याला मराठीत काय म्हणावं?

दारव्हा, जि. यवतमाळ : कपाशीवरचा लाल्या (पानं लाल पडतात तो) ओळखता यावा म्हणून गावच्या ग्रुपसाठी फोटो अन् छोट्या जीआयएफ (हलती चित्रं) बनवतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘कलर क्वांटायझेशन’ असं येतं. पोरांना शिकवताना ‘रंगकपात’ म्हटलं तर चालेल काय?

वरुड : भाऊ, रंगकपात म्हटलं की रंग फिके झाले असं वाटते. इथं घटते ती रंगांची संख्या. साध्या फोटोत एका ठिपक्याला (पिक्सेलला) 24 बिट, म्हणजे 1,67,77,216 रंग शक्य. 1987 मध्ये आलेल्या जीआयएफमध्ये एका फ्रेमला, म्हणजे हलत्या चित्रातल्या एका चित्राला, जास्तीत जास्त 256. मी सरळ ‘रंगसंख्या घटवणे’ म्हणतो. क्वांटायझेशनचा शास्त्रीय प्रतिशब्द ‘पुंजीकरण’ तर नकोच, तो पुंजयामिकीतच (क्वांटम मेकॅनिक्समध्येच) राहू द्या.

वणी : दादा, ‘घटवणे’ अर्धंच सांगते. कोणते रंग ठेवायचे, हे ठरवणंच खरं काम आहे. पॉल हेकबर्ट यांची 1982 ची मीडियन कट पद्धत घ्या. चित्रातले सगळे रंग एका पेटीत धरायचे, जिकडे पसारा जास्त तिकडून मध्यकावर (निम्मे ठिपके इकडे, निम्मे तिकडे) तिचे दोन भाग करायचे, असं 256 पेट्या होईस्तोवर. मग प्रत्येक पेटीचा सरासरी रंग ठेवायचा. ज्या रंगाचे ठिपके जास्त, त्याच्या वाट्याला पेट्याही जास्त. शिवारभर हिरवं अन् दोनच पानांच्या कडा लालसर असल्या, तर ती लाली मातीच्या तपकिरीत मिसळून जाऊ शकते. ज्याच्यासाठी फोटो काढला तेच गेलं! म्हणून मला ‘रंगनिवड’ हवा.

दारव्हा : ताई, पटलं. रंगनिवडच वापरतो. पण रंग घटवले की फोटोतल्या आभाळात पट्टे दिसतात, त्याले काय म्हणावं?

वणी : ‘पट्टे पडणे’च म्हणा, लोक तेच म्हणतात. त्यावर उपाय डिदरिंग. मी ‘ठिपकेमिसळ’ म्हणते. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीत (1976) एका ठिपक्याच्या रंगात पडलेला फरक शेजाऱ्यांना वाटून देतात : उजवीकडे 7/16, खाली डावीकडे 3/16, सरळ खाली 5/16, खाली उजवीकडे 1/16. लांबून पाहिलं की पट्टे विरतात. फाइल मात्र बहुधा वाढते, काहून की एकसारखे सलग ठिपके उरत नाहीत.

वरुड : व्हिडिओची जीआयएफ करताना दर फ्रेमची रंगनिवड वेगळी झाली तर रंग लुकलुकतात. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमधल्या, रंगांचा संच ठरवणाऱ्या पॅलेटजेनने अख्ख्या व्हिडिओचे 256 रंग आधी ठरवून घ्या. अन् भाऊ, त्याच्याही आधी रोगट पान जवळून क्रॉप करा, म्हणजे लालीच्या वाट्याला पेट्या येतील.